चौथी बाई

“बाजार बंद होता का त्या दिवशी?”

मागच्या रांगेतल्या बाईंनी शेजारच्या काकांना हळू आवाजात विचारलं. समोर भिंतीवर माझा फोटो होता.

“असेल काहीतरी सुट्टी,” काका म्हणाले, आणि दोघंही पुढच्या फोटोची वाट बघू लागले.

सुट्टी नव्हती. त्या फोटोसाठी मी कापडबाजारात एका दुकानाच्या पायरीपाशी पाऊण तास उभी होते. दूधवाला गेला की रिक्षा यायची, रिक्षा गेली की कुणीतरी शटर वर करायला यायचं. शेवटी तीन-चार सेकंद रस्ता मोकळा मिळाला. घरी आल्यावर मी वरचं वायरींचं जाळं कापलं. डावीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, तो कापला. उजव्या कडेला एका माणसाचं कोपर आलं होतं, तेही कापलं. उरली ती जुन्या लाकडी गॅलऱ्यांची ओळ, खाली बंद शटर आणि त्यांच्यावर पडलेलं तिरपं ऊन. मला वाटलं होतं, हा फोटो आला की खोलीत जरा शांतता पसरेल. तशी ती पसरलीही. कुणाकडे काही बोलायलाच नव्हतं.

आम्ही आठ-नऊ जण होतो. दर रविवारी सकाळी नगरच्या कुठल्यातरी भागात हिंडून फोटो काढायचे आणि महिन्यातून एकदा सरांच्या घरी प्रोजेक्टरवर ते मिळून बघायचे, एवढाच आमचा उद्योग. सर म्हणजे निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. कॅमेऱ्यातलं आणि कॉम्प्युटरमधलं त्यांना फारसं कळत नसे आणि तसं ते मोकळेपणाने सांगत. पण चौकटीत काय ठेवायचं आणि काय बाहेर टाकायचं यावर ते चहा गार होईपर्यंत बोलू शकत. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन होतं. प्रत्येकाचा एक फोटो लागणार होता, आणि त्यातला एक मोठा करून दाराशी. तो कुणाचा, हे सर त्या दिवशी ठरवणार होते.

मला तो माझा हवा होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दीड वर्ष मी त्या खोलीत खिडकीजवळच्या एकाच खुर्चीत बसत होते, आणि मागच्या रांगेतले ते काका मला अजून ‘बाळ’ म्हणत होते, कारण त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. दाराशी फोटो लागला की त्याखाली नाव लागतं.

पुढचा फोटो माझ्या मामेबहिणीचा होता.

ती सोनईची, आईच्या माहेरच्या गावची. डी. फार्मसीला नगरमध्ये प्रवेश मिळाला म्हणून आमच्या सावेडीच्या घरी राहायला आली, आणि घरात दुसरी जागा नसल्यामुळे माझ्या खोलीत. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. रविवारी मी कॅमेरा घेऊन निघाले की आई म्हणायची, “एकटीच जातेस, तिला पण ने की. तेवढंच तिला गाव कळेल.” दोनदा मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा न्यावं लागलं.

तिच्याकडे मोबाईल होता. त्याच्या काचेला वरच्या कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला. फोटो कसा काढावा यावर तिने एक ओळ वाचलेली नव्हती. मी दोन वर्षं इंग्रजी व्हिडिओ बघून चौकटीचे तीन भाग कसे पाडायचे, रिकामी जागा किती सोडायची, रेषा कुठून आत आणायच्या हे सगळं वहीत उतरवून काढलं होतं. ती मात्र जिथे जाईल तिथे आधी खाली बसायची. हातगाडीवाल्याला “काका, आज गर्दी न्हाई व्हय?” म्हणायची. चहा घ्यायची. मोबाईल कधी बाहेर काढला आणि कधी परत ठेवला ते समोरच्यालाही कळायचं नाही. मी तोपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभी राहून माणसं हलण्याची वाट बघत असायची.

दोन रविवारांत सगळे तिला ओळखायला लागले. तिसऱ्या रविवारी त्या काकांनी घरच्या झाडाचे पेरू आणले. वाटले सगळ्यांना, पण आणले तिच्यासाठी, कारण आदल्या वेळी ती म्हणाली होती की नगरच्या पेरूला चव न्हाई. माझ्या हातात पेरू देताना ते म्हणाले, “घे बाळ.”

घरीही तसंच. आई तिच्याशी बोलताना सोनईची व्हायची. “लई झालं आता मोबाईल, उठ, पोळ्या लाट,” असं म्हणायची, आणि दोघी स्वयंपाकघरात कुणाच्या तरी चालण्याची नक्कल करून हसायच्या. माझ्याशी आई कधी तसं बोलली नाही. मी इंग्रजी शाळेत होते म्हणून माझ्याशी ती लहानपणापासून जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत आली. त्यात तिचं काही चुकलं असं नाही. पण तिच्या आवाजात एक सबंध घर होतं आणि त्याची किल्ली मामाच्या मुलीकडे होती. मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची आणि हसण्याचं कारण विचारायची नाही.

तर, तिचा फोटो.

तोच कापडबाजार, सकाळचीच वेळ. एका बंद दुकानाच्या पायरीवर तीन म्हाताऱ्या हार ओवत बसल्या होत्या. पुढ्यात शेवंतीच्या आणि झेंडूच्या पाट्या. दुकानं उघडली की दुकानदार त्यांच्याकडून पूजेचे हार नेतात. त्यांच्या मागे शटरवर अर्धा फाटलेला फ्लेक्स, डोक्यावर वायरींचं जाळं. मी कापून टाकलं असतं ते सगळं तिथे होतं. आणि डाव्या कडेला रस्ता झाडणारी एक बाई. अंगात महापालिकेचं हिरवं चकाकतं जाकीट, हातात लांब दांड्याचा खराटा. तिचं अर्धं अंग चौकटीच्या बाहेर राहिलं होतं, पण तोंड आत होतं, आणि ती त्या तिघींना काहीतरी सांगत होती. मधल्या म्हातारीने हसू दाबायला सुई धरलेला हात तोंडाशी नेला होता.

खोलीत कुणी काही बोललं नाही. ही शांतता मला ओळखू आली. माझ्या फोटोसाठी मी हीच मागितली होती.

सर उठून भिंतीजवळ गेले. त्यांची सावली फोटोवर पडली तशी ते बाजूला झाले. “ही बाई बघा,” ते म्हणाले. “हिच्यामुळे रस्ता चौकटीच्या बाहेर पण चालू राहतो. ही नसती तर तीन म्हाताऱ्या नुसत्या फोटोसाठी बसल्यासारख्या दिसल्या असत्या. दुसऱ्या कुणी हिला कापून टाकलं असतं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तरी माझे कान तापले.

मग त्यांनी माझ्या मामेबहिणीला विचारलं, “हिला का ठेवलंस? अर्धी येते आहे हे दिसत होतं ना?”

मी सरसावून बसले. कारण तिने त्या बाईला का ठेवलं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि ते एकदा सगळ्यांना कळावं असं मला फार वाटत होतं.

आमच्या आजोळी तिघांचा फोटो काढत नाहीत. तिघांत एकाचं काहीतरी वाईट होतं म्हणतात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोनईला गेले की मी, ही आणि हिची मोठी बहीण अशा आम्ही तिघी एकत्र उभ्या राहायचो, आणि मामा मोबाईल वर करणार तेवढ्यात मामी आतून ओरडायची, “तिघींचा नको, चौथं घ्या.” चौथं म्हणून कधी शेजारची पोर आली, कधी मामी स्वतः. एकदा कुणीच नव्हतं तेव्हा शेळीचं करडू उचलून हिच्या कडेवर दिलं. तो आमचा सगळ्यांत चांगला फोटो. कॉलेजात असताना मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, पण टाकण्याआधी करडू कापलं. ते बाहेर निसटायची धडपड करत होतं, आणि तिघींचे चेहरेच तेवढे राहिले तर फोटो नीट दिसेल असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामीचा आईला फोन. “करडू कुठं गेलं?” मामीने तीनदा विचारलं. आठवड्याने मोठ्या बहिणीचा पाय मुरगळला, तेव्हा पुन्हा फोन. आई मला ओरडायचं म्हणून ओरडली. मी तो फोटो करडासकट परत टाकला, आणि त्यावर मामाने नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

म्हणजे चौकट, रस्ता चालू राहणं, बाहेरचं आणि आतलं, यातलं तिच्या डोक्यात काही नव्हतं. तीन म्हाताऱ्या दिसल्या आणि ती चौथं कुणी येईपर्यंत थांबली. एवढंच.

“तिघींचा काढत नाहीत ना, सर,” ती म्हणाली. “म्हणून मावशी येईस्तोवर थांबले.”

काका मोठ्याने हसले. बाईही हसल्या. मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांची निराशा व्हावी, निदान जराशी, म्हणून.

सरही हसले, आणि हसताना त्यांनी चष्मा काढून पुसला. “आमची आई पण हेच म्हणायची,” ते म्हणाले. “बघा, आपण पुस्तकं वाचून शिकतो आणि हिला घरात मिळालंय.” मग प्रोजेक्टरजवळच्या कागदावर त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. “दाराशी हा.”

तिला ते नीट कळलंही नाही. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, “ताई, दाराशी म्हणजे बाहेर का? ऊन लागंल की फोटोला.”

मी म्हणाले, आतल्या बाजूने. एवढंच म्हणाले.

मला तिचा मत्सर वाटत होता, आणि तो मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटला असं म्हणणं खोटं होईल. तो आधीपासून होता. मोबाईलची जागा भरली की ती फोटो पुसून टाकायची. एका संध्याकाळी पलंगावर लोळत तिने माळीवाड्याच्या स्टँडवरचा एक फोटो पुसला. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून एक बाई खाली उभ्या असलेल्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावत होती. मी असा फोटो जन्मात काढू शकले नसते. “अगं, राहू दे की,” मी म्हणणार होते. म्हणाले नाही. पुसला गेला याचं मला दुःख झालं आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटलं हे मी स्वतःपासूनही लपवलं.

छपाईचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. “तुला कॉम्प्युटरमधलं कळतं. सगळ्यांचे फोटो कागदाच्या मापात बसवून दे, लॅबवाल्याला काही विचारायला लागू नये.” त्यांनी पेन ड्राईव्ह माझ्या हातात ठेवला आणि वरून हात थोपटला. त्या समूहात माझी एवढीच ओळख होती, कॉम्प्युटरमधलं कळणारी.

दुपारची वेळ होती. आठ जणांचे फोटो अर्ध्या तासात झाले. मग तिचा उघडला.

मोबाईलचा फोटो जरा चौकोनी असतो, आणि छपाईचा कागद लांबट. म्हणून त्यात काहीतरी कापावंच लागतं. पण कापायचं ते वरून किंवा खालून. बाजूला हात लावावा लागत नाही. वरची वायरींची एक पट्टी काढली असती तर काम संपलं असतं. फोटो उलट आणखी चांगला दिसला असता. हे मला पहिल्या क्षणी दिसलं. मी तशी चौकट ओढूनही बघितली. चारही बायका आत होत्या.

स्वयंपाकघरात आई आणि ती शेंगदाणे भाजत होत्या. भाजल्याचा वास येत होता. आई कुणाची तरी नक्कल करत होती, आणि ती “आत्या, बास, पोट दुखलं,” म्हणत होती. आई तरी थांबेना.

मी चौकटीचा डावा काठ धरला आणि आत ढकलला.

जाकीट गेलं. मग खांदा. मग तोंड. काठ मी पहिल्या म्हातारीच्या पाटीपर्यंत आणला. खाली डाव्या कोपऱ्यात खराट्याचा फडा तेवढा राहिला, कारण तो काढायला गेलं तर पाटी कापली जात होती, आणि अर्धी पाटी वाईट दिसली असती. त्या क्षणीही मी फोटो नीटनेटका करत होते. मग लांबी कमी झाली म्हणून वरून आणखी कापलं. उरल्या तीन म्हाताऱ्या, फोटोसाठी बसल्यासारख्या. मधली तोंडाशी हात नेऊन कशाला हसते आहे ते आता कळत नव्हतं. तिला दात दुखत असावेत असं वाटत होतं.

कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तयार होतं. कागदाचं माप. या उत्तरावर आमच्यातलं कुणीच पुढे काही विचारू शकलं नसतं, आणि हे मला ठाऊक होतं. फाईल साठवली. तेवढ्यात ती वाटीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा घेऊन आली आणि वाटी माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली. “गरम हाय, हळू.” पडद्याकडे तिने बघितलं नाही. बघावं असं तिला वाटलंच नाही. मी ते शेंगदाणे खाल्ले.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी आम्ही पुन्हा कापडबाजारात गेलो. मी पलीकडच्या बाजूला, नेहमीच्या जागी. ती पायरीवर म्हाताऱ्यांपाशी. झाडणारी मावशी आली तशी ती उठली आणि तिचा खराटा धरून तिला थांबवलं.

“मावशी, तुमचा फोटो लागणारे वाचनालयात. दाराशी. मोठा. यायचं हां.”

“माझा? आन् कशाला?” मावशी म्हणाली. “कसा दिसतोय?”

“लई भारी. सगळ्यांना तुमीच आवडल्या. सर तर तुमच्यावरच बोलत हुते.”

म्हाताऱ्यांमधली एक म्हणाली, “आमी तिघी बसलोय एवढ्या पहाटंपासून आन् आवडली ती उभी राहिल्याली.”

“मग काय. तुमी रोज बसताय, म्या आपली जाता जाता आले,” मावशी म्हणाली. मग तिला काळजी वाटली. “कुठलं लुगडं नेसून येऊ गं?”

“आता लुगड्याचा काय उपेग? फोटोत तर जाकीटच हाय.”

“तरी. लोक मला बघणार, मग फोटोला बघणार. सारखं नको दिसाय?”

चौघी हसल्या. खराट्याच्या फड्यावर, तारेच्या वर, लाल काठाची एक पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. ती मला तेव्हा दिसली. याआधी मी त्या बाईकडे इतकं बघितलं नव्हतं. पडद्यावर तिला कापतानासुद्धा.

फोटो अजून छापून व्हायचे होते. लॅबवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता, दुसरी फाईल पाठवली असती, तर संपलं असतं. मी मोबाईल बाहेर काढलाही. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मी आधी वाक्य मनात तयार करते. ते वाक्य मी तीन दिवस तयार करत राहिले. चौथ्या दिवशी फोटो छापून आले.

प्रदर्शनाच्या सकाळी सर दाराशी उभे होते. मोठा फोटो लावून झाला होता आणि ते त्याच्याकडे मान तिरपी करून बघत होते.

“इथे ती बाई होती ना?” त्यांनी विचारलं.

माझ्या हातात पताका लावायच्या टाचण्या होत्या. मी त्या मोजल्यासारखं केलं.

मामेबहीण माझ्या मागून आली आणि फोटोसमोर थांबली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. कदाचित काहीच नव्हतं. कदाचित तिला करडू आठवलं असेल.

“कागदात बसल्या नसतील, सर,” ती म्हणाली.

“लॅबवाले असंच करतात,” सर म्हणाले. “त्यांना काय त्याचं.” आणि ते चिडून बाजूला गेले. काकांनी लॅबवाल्याला दोन शिव्या दिल्या. तो माणूस तिथे नव्हता, आणि त्याने फाईल होती तशी छापली होती. मी टाचण्या लावायला गेले.

ती मात्र तिथून हलेना. “तिघीच राहिल्या,” असं हळूच म्हणाली. मला म्हणाली असं नाही. मग तिने इकडे तिकडे बघितलं, चहाच्या टेबलावरचा एक कागदी पेला उचलला आणि फोटोखालच्या कट्ट्यावर ठेवला. चौथं म्हणून.

अकराच्या सुमाराला मावशी आली. काम उरकून, घरी जाऊन, तयार होऊन आली होती. हिरवं लुगडं, जाकिटाच्या रंगाशी जमेल तेवढं जमवलेलं. डोक्याला तेल. बरोबर सून होती, तिच्या हातात मोबाईल, सासूचा फोटोपाशी फोटो काढायला. मावशीने चपला दाराबाहेर काढल्या. कुणी काढत नव्हतं.

“कुठंय गं?”

तिला लांबून बघितल्यावर माझी मामेबहीण पुढे झाली, पण काही बोलायच्या आतच मावशी फोटोसमोर पोचली होती. तिने आधी उजवीकडून बघितलं. तिघींच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवत, काचेला न लावता, ती डावीकडे आली. काठापाशी बोट थांबलं. मग ती मागे सरली आणि पुन्हा सगळा फोटो बघितला, जणू आपण दुसरीकडे कुठे तरी असू.

“आई, तुमी न्हाई यात,” सून म्हणाली.

“थांब.” मावशी वाकली. खालच्या कोपऱ्यापाशी तोंड नेलं. “ह्यो खराटा माझाच हाय,” ती म्हणाली. “ही पट्टी बघ. माझ्या लुगड्याचा काठ. म्या बांधलाय.” ती सरळ झाली आणि सुनेकडे वळून हसली. हसताना पदर तोंडाशी घेतला. “खराटा आलाय बघ. खराट्याचा काढ फोटो.”

सुनेने मोबाईल वर केला नाही.

“मावशी, कागद लहान पडला,” माझी मामेबहीण म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. “तुमी मावल्या न्हाई त्यात.”

“व्हय, असंल,” मावशी म्हणाली. “म्या अर्धी आत, अर्धी भाईर. त्यो तरी काय करंल?” आणि पदराने तिने कपाळ टिपलं. “मोबाईलमदी तर हाय ना? बास की मग.”

आसपासचे दोघं-तिघं हसले, बरं वाटून, प्रसंग निभावला म्हणून. सर म्हणाले, “लॅबवाल्याला मी सांगतो चांगलं.” काका चहाचा पेला घेऊन तिच्याकडे निघाले. सगळं मिटत आलं होतं. अजून एक मिनिट मी गप्प बसले असते तर ते कायमचं मिटलं असतं, आणि दोष त्या कागदाचाच राहिला असता.

मी खिडकीपाशी होते. तिथून फोटोपर्यंत सात-आठ पावलं. मनात वाक्य तयार नव्हतं. मावशीने चपलांकडे वळायला सुरुवात केली होती, म्हणून मी मधे जाऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामेबहीणसुद्धा. तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून, आणि तेव्हा मला कळलं की तिला सकाळपासून माहीत होतं.

“कागद पुरत होता, मावशी,” मी म्हणाले. “मी कापलं तुम्हाला.”